विकणे आहे, दुपारी भेटा

मन्मथअप्पा स्वतःच्याच घरात दार वाजवून शिरायचे.

बाहेरचं दार नव्हे, ते दिवसभर सताड उघडं असायचं. आतली दारं. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचं असो की खुंटीवरचा सदरा काढायचा असो, अप्पा आधी बोटाच्या पेरानं दारावर टकटक करायचे, "यायलोय बरं का" म्हणायचे, थोडं थांबायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. एवढ्या मोठ्या घरात ते एकटेच राहत होते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सहज विचारलं, आत कोणी आहे का? अप्पा वळून म्हणाले, "असलं तर दचकाया नको." आणि पाण्याचा तांब्या भरून घेऊन आले.

घरही त्यांना साजेसंच होतं. पालमच्या पुढं गंगेच्या काठावर हे गाव. गोदावरीला इकडं कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. निजामाच्या काळात कापसाच्या जिनिंगची यंत्रं बसवायला कोणी एक गोरा साहेब इथं आला आणि बायकोला करमेना म्हणून तिच्या मुलखात असतं तसं घर त्यानं तिला नदीकाठी बांधून दिलं, असं सांगतात. पांढऱ्या भिंती आणि त्यांवर काळ्या लाकडाच्या जाडजूड पट्ट्या, उभ्या, आडव्या, तिरप्या. छप्पर इतकं उभं की कबुतरंही त्यावर बसायला कचरायची. बर्फ घसरून पडावा म्हणून तिकडं छपरं अशी करतात, हे मला नंतर कळलं. आमच्या तालुक्यात बर्फ पाहायचा तर रसवंतीवर जावं लागतं. खालच्या दिवाणखान्यात शेकोटीसाठी भिंतीत केलेला मोठा कोनाडा होता. अप्पांच्या वडिलांनी बंगला विकत घेतल्यावर त्यात महादेवाची पिंड बसवली. त्यामुळं पावसाळ्यात धुराड्यातून देवाला आपोआप अभिषेक व्हायचा.

गावात त्याला फळ्यांचा बंगला म्हणत. उन्हाळ्यातल्या दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, त्याच्या फाटकावरून जाणारा माणूस आपोआप भराभर पावलं उचलायचा. मीही उचलायचे. का, ते सांगता आलं नसतं.

फाटकाला पत्र्याची पाटी होती. अप्पांनी स्वतः रंगवलेली. "इंग्रजी घाटाचं हवेशीर मकान. गंगेच्या काठी. विकणे आहे. दुपारी भेटा."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बदली होऊन या गावी आले आणि बंगल्याला लागून पडलेल्या नव्या प्लॉटिंगमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माझ्या ओट्यापुढची खिडकी आणि बंगल्याची वरची खिडकी समोरासमोर. एका रविवारी दारात अप्पा उभे. पांढरं धोतर, सावळ्या कपाळावर भस्माचे पांढरे पट्टे, म्हणजे घराच्या नेमकी उलटी रंगसंगती. दोन्ही हात जोडून लिंगायतांच्या रीतीनं "शरणार्थ" म्हणाले आणि कामाचं बोलले. मकान बघायला पाहुणे येणार होते, त्यांच्यात बायामाणसं होती आणि अप्पांच्या घरात बाई नव्हती. मी नुसतं सोबत बसावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मला तरी रविवारी काय काम होतं? गेले.

पाहुणे गंगाखेडचे, किराणा दुकानदार. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. अप्पांनी त्यांना घर असं दाखवलं की मलाच ते घ्यावंसं वाटू लागलं. कोणत्या खिडकीतून गंगा कशी दिसते, कोणतं लाकूड कुठून आलं, पाऊस कोणत्या अंगानं येतो. कौलं सांगताना तर ते जणू दागिने दाखवत होते. आजीबाईंनी स्वयंपाकघरात चूल कुठं मांडायची ते मनाशी ठरवूनही टाकलं होतं. तेवढ्यात जिन्याच्या पायथ्याशी अप्पा थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगून टाकतो, मागनं बोल नको. वर बाईमाणूस राहतंय. तकलीफ कायबी न्हाई. दिसत न्हाई, बोलत न्हाई. चालतंय तेवढं."

दुकानदार हसला. आजीबाई हसल्या नाहीत. अप्पांनी त्यांना वर नेलं, नदीकडच्या खोलीत चटईवर ओळीनं बसवलं, जरा गप्प राहायला सांगितलं आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभे राहिले. खोली रिकामी होती. इथंही भिंतीत शेकोटीचा कोनाडा होता, पण त्यात देव नव्हता, नुसता काळोख होता. खिडकीतून पांढरं ऊन आत पडलेलं. आम्ही बसलो. थोड्या वेळानं आजीबाई उठल्या, सुनेचा हात धरला आणि खाली निघाल्या. चहा तसाच राहिला.

फाटकाशी अप्पा त्यांच्या मागं मागं. ऐकू आलं का? कुठून कुठं गेलं? खिडकीकडून दाराकडं की दाराकडून खिडकीकडं? आजीबाईंनी पदर तोंडाला लावून मान हलवली आणि रिक्षात जाऊन बसल्या.

मला वाटलं, म्हातारा इरसाल आहे. घर विकायचं नाही, पण नाही म्हणायची हिंमत नाही. गावाचंही हेच मत होतं. पुण्याला नोकरी करणारा मुलगा शिवकुमार बापाला तिकडं न्यायला बघत होता, घर काढा म्हणून मागं लागला होता, आणि बाप पाटी लावून, घर दाखवून, शेवटी भूत पुढं करून गिऱ्हाईक पळवून लावत होता. शिवकुमारनं कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला आणि फोनवर काकुळतीला आला. "बाई, तुमी तरी सांगा त्यांना. एकटे राहायलेत. काय झालं तर कळायचं बी न्हाई." मी सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, खोटं बोलून मकान विकू का?

पाहुणे येत राहिले. दर वेळी मी जात राहिले, आधी भिडेनं, मग चक्क मजा वाटू लागली म्हणून. एक डॉक्टर आले, त्यांना वर काही ऐकू आलं नाही. अप्पांचा चेहरा असा उतरला की जणू डॉक्टरांनी आजारच गंभीर सांगितला. जिंतूरकडच्या बोरीचे एक गुरुजी आले, ते चटईवर बसल्या बसल्या झोपले आणि घोरले. जागे झाल्यावर अप्पांनी त्यांनाही विचारलं, झोपेत तरी काही कानावर आलं का? मंगल कार्यालय काढू पाहणारा एक जण मात्र खूश झाला. त्याला भुताची काही अडचण नव्हती. म्हणाला, एकदा डीजे वाजला की वरची बाई स्वतःहून निघून जाईल. अप्पांनी त्याच्या हातातला कप अलगद काढून घेतला, त्याला फाटकापर्यंत पोचवलं, हात जोडले आणि फाटक लावून घेतलं. ते फाटक लागलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता माझं सांगते. आम्ही बौद्ध. वडील शिक्षक होते, आणि घरात कोणी भूत हा शब्द उच्चारला तरी ते आधी "पुरावा?" म्हणून विचारायचे. भानामती, अंगात येणं, दृष्ट, यातलं काहीच आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. त्यामुळं वरच्या खोलीत बसताना माझ्या मनात भीती नव्हती. लाकडाचं घर आहे, उन्हानं तापतं, कुरकुरतं. छपरात वानरं येतात, उंदीर असतात. माझ्याकडं कारणं तयार होती.

वैशाखातली दुपार होती. परभणीच्या एका इंजिनिअरची नवी नवरी घर बघायला आली होती. नवरा खाली अप्पांशी बोलत होता, आणि वरच्या खोलीत आम्ही दोघीच. वारा पार थांबलेला. गंगेचं पात्र खाली वाळूनं चकाकत होतं. माझ्या ओट्यावरची भांडी मला समोर दिसत होती, आणि आपण स्वतःच्याच घराकडं कुणा दुसऱ्याच्या नजरेनं बघतोय असं उगाच वाटून गेलं.

मग कोनाड्याच्या बाजूनं आवाज आला.

लाकूड कुरकुरतं तसा नाही. एक पाऊल पडलं, सरळ, वजनाचं. त्यामागं काहीतरी जमिनीवरून ओढत आल्यासारखं झालं. पुन्हा पाऊल. पुन्हा ओढणं. चटईच्या कडेकडेनं ते आमच्या समोरून गेलं, घाई नाही काही नाही, रोजच्या वाटेनं माणूस जातं तसं. खिडकीपाशी थांबलं. त्या मुलीनं माझं मनगट धरलं होतं, तिच्या बांगड्या माझ्या हाडाला टोचत होत्या. खिडकीत ऊन होतं तसंच होतं. समोर काहीही नव्हतं. पण खिडकीशी कोणीतरी टेकून उभं आहे आणि ते बाहेर बघतंय, आमच्याकडं नाही, हे मला जसं आत्ता हातातलं पेन कळतंय तसं कळत होतं. मी मनात "पुरावा?" असं म्हणून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

ती मुलगी आणि तिचा नवरा निघून गेले. मी जिना उतरले तेव्हा आपण घाबरलो याचाच मला राग आला होता. अप्पा पायरीशीच होते. मी त्यांना जरा तोडूनच सांगितलं की हे लाकूड आहे, तापून आवाज करतं, लोकांना असं घाबरवणं तुमच्या वयाला शोभत नाही.

अप्पांनी ते कानाआडच केलं. माझ्याकडं बघत म्हणाले, "तुमाला आलं ऐकू. कशी चालली?"

मी सांगितलं. एक पाय पडतो, दुसरा ओढला जातो.

अप्पा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. धोतराचा सोगा बोटांनी चुरगाळत जे बोलले ते माझ्याकडं न बघता.

त्यांची बायको महानंदा. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला वर कोणी चालतंय असं ऐकू यायचं, टाचांचा टकटक आवाज. ती म्हणायची, घर बांधलेल्या साहेबाची मेमसाब आहे. घाबरायची नाही. अप्पांचं बाजारात आडतीचं दुकान, सकाळी जायचे ते जेवायला यायचे आणि जेवून पुन्हा जायचे. पोरगा शिकायला बाहेरगावी. ही दुपारी गोधडी शिवायला घेऊन वर जाऊन बसायची, मेमसाबला सोबत म्हणून. "मी ताटावर बसलो की ती सांगाया लागायची. आज मेमसाब लय फिरली, आज खिडकीतच हुभी होती. मी म्हणायचो, वाढ आधी. दुकान उघडं टाकून आलोय."

पुढं महानंदाबाईंना लकवा झाला. डावा पाय निकामी झाला. तरी कठडा धरून, पाय ओढत त्या वर जायच्या. अप्पांनी मना केलं, रागावले, जिन्याच्या दाराला कडी लावून पाहिली. त्या म्हणाल्या, मला बोलायला दुसरं कोण हाय?

त्या गेल्या. शेतात त्यांना माती दिली. मातीला आलेले पाहुणे दुपारी जेवून पडले होते, तेव्हा अप्पांची भाची दचकून उठली आणि म्हणाली, मामा, वर कोण पाय ओढत चालायलंय? अप्पा वर धावले. काही नाही. त्या दिवसापासून ते रोज दुपारी वर बसले. दुकान बंद केलं. दारं वाजवून पाहिली. परभणीला जाऊन कान तपासून आले, डॉक्टर म्हणाले कान ठणठणीत आहेत.

"मला आजवर कायबी ऐकू आलं न्हाई बाई," अप्पा म्हणाले. "एकदा बी न्हाई. म्हणून पाटी लावली. माझ्याकडं उगी कोण येऊन बसंल? मकान बघाया तर येतेत. त्याईला ऐकू आलं तर सांगतेत."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. खाली कोनाड्यातल्या महादेवावर धुराड्यातून उन्हाचा कवडसा पडला होता. त्यांनी विचारलं, चालताना तिला तकलीफ होत होती असं वाटलं का? मी म्हणाले, नाही अप्पा, सावकाश चालत होत्या. खिडकीपाशी उभ्या राहिल्या होत्या. ते म्हणाले, गंगा बघत असंल. मग जिन्यावरून वर बघत, "एकटीच हाय पर तिथं."

त्यानंतर मी शिवकुमारचे फोन घ्यायचे ते वेगळ्याच अवघडलेपणानं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि सांगायचा हक्क माझा नव्हता.

पावसाळा सरल्यावर यमुना सिस्टर आल्या. वालूरच्या, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. एकट्याच एसटीनं आल्या, पायात पांढरे बूट, काखेत छत्री. वालूरला भर बाजारात त्यांचं घर होतं, ते आता त्यांना नको होतं. आयुष्य दवाखान्याच्या गडबडीत गेलं आणि आता नदीकाठी राहावंसं वाटत होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. अप्पांनी जिन्याशी थांबून आपलं नेहमीचं बोलणं बोलून टाकलं. सिस्टरनी फक्त उन्हाळ्यात बोअरला पाणी राहतं का ते विचारलं. मग मला खालीच थांबायला सांगून एकट्या वर गेल्या.

त्या इतका वेळ आल्या नाहीत की मी दोनदा जिन्याकडं गेले. अप्पा हललेसुद्धा नाहीत. शेवटी सिस्टर कठड्याला धरून खाली आल्या, पाणी मागितलं, सगळा तांब्या प्यायल्या.

"आलं का ऐकू?" अप्पांनी विचारलं.

"आलं की." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "एकीचा पाय ओढल्यावानी येतोय. दुसरी टाचा वाजवत चालते."

"दुसरी?" अप्पा म्हणाले.

"दोघी हायत न्हवं. मला वाटलं तुमाला मालूम असंल. एक थांबली की दुसरी बी थांबायलीय. सोबतच फिरतेत."

अप्पांनी पुन्हा विचारलं. सिस्टरनी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. अप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली, आणि त्यांचे खांदे हलताना आम्हाला दिसले.

मी नंतर सिस्टरना एकट्यांना गाठून विचारलं की गावात कुणी त्यांना महानंदाबाईंबद्दल सांगितलं होतं का. त्या छत्री उघडत होत्या. म्हणाल्या, "कोण महानंदा?"

व्यवहार भराभर ठरला. सिस्टरना घर जसं आहे तसंच हवं होतं, पट्ट्यांसकट, महादेवासकट. शिवकुमारला खरंच वाटेना. दिवाळी होताच तो गाडी घेऊन बापाला न्यायला आला. सामान ते काय, एक ट्रंक, इष्टलिंगाच्या पूजेची पेटी आणि गोधड्यांचं एक गाठोडं. मी वाटेसाठी धपाटे करून नेले. गाडी लागली, डिकी भरली, आणि अप्पा म्हणाले, मी जरा वर जाऊन येतो. कोणी येऊ नका.

मी जिन्याशी धपाट्यांचा डबा घेऊन उभी राहिले. आधी काही नाही, चटई पसरल्याचा आवाज. मग अप्पांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. रडणं नाही, देवाधर्माचं काही नाही. शिवाच्या धाकट्या पोरीला दात आल्याचं सांगत होते. यंदा तूर बरी दिसतेय म्हणाले. शेजारच्या गल्लीतल्या कुणाचं तरी जमलेलं लगीन मोडलं, त्याची सगळी हकीकत, कोण काय बोललं आणि कोण रुसलं त्यासकट. चहा करायला शिकलो, आधी दोनदा हात भाजून घेतला, ते. जेवून निवांत झालेला नवरा बायकोशी बोलतो तसं, पाय पसरून बोलावं तसं.

शिवकुमार आत आला, घड्याळ दाखवायला लागला. मी त्याला हातानंच थांबवलं. तोही जिन्याशी थबकला. वर त्याचा बाप कुणाशी बोलतोय ते त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यानं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, का ते त्यालाही कळलं नसेल.

वर अप्पा मोठ्यानं हसले. मग बोलायचे थांबले. आता उतरतील म्हणून मी डबा सावरला, पण ते उतरले नाहीत. नदीकडून वारा आला, वरच्या खिडकीची फळी हलली आणि स्थिर झाली.

"मग?" अप्पा म्हणाले, आणि बराच वेळ ऐकत राहिले.